शेवटच्या गाडीआधीचे विषय

पहिल्याच दिवशी व्यासपीठावरून आम्हाला सांगण्यात आलं, की पदवी आता जेवणाच्या ताटासारखी आहे, हवं ते वाढून घ्या. सार्वजनिक आरोग्य हा मुख्य विषय, सोबत एक मायनर आणि शेवटच्या वर्षी स्पेशलायझेशन. सगळं ज्याच्या त्याच्या आवडीनं. हे सांगणाऱ्या पाहुण्यांना शाल, श्रीफळ आणि त्यांचाच फ्रेम केलेला फोटो मिळाला. आमच्या ताटाचं नंतर बघू, असं ठरलं असावं.

मला काय हवं ते ठाऊक होतं. मी बारावीला असताना आमच्या खालच्या गल्लीत कावीळ आली आणि माझी वहिनी गेली. तिला सातवा महिना होता. वरच्या आळीत कोणाला काही झालं नाही. लोकांनी नजर, नशीब, तिचे उपास अशी कारणं काढली. नशिबाला गल्लीची हद्द कशी कळते, एवढंच मला समजत नव्हतं. साथ कुठून आली, कोणत्या घरांत शिरली, हे शोधण्याचं एक शास्त्र असतं असं मला कळलं आणि त्यासाठीच मी जालन्याच्या कॉलेजात नाव घातलं.

साथरोगशास्त्राचा मायनर दुपारी उशिरा होता, कारण शिकवणारे सर संभाजीनगरचं काम आटोपून यायचे. पुरेशी नावं आली तरच वर्ग उघडणार होता. मुलं सगळी व्यवस्थापनाकडे गेली. लग्नाच्या बायोडाट्यात ते बरं दिसतं. उरल्या मुली, आणि त्या बहुतेक रोज एसटीनं येणाऱ्या; तास सुटेपर्यंत त्यांची शेवटची गाडी निघून जाणार होती. मी आत्याकडे मुक्काम करू शकत होते. बाकीच्यांच्या आत्या जालन्यात नव्हत्या.

मी गाडीतच त्यांना पटवायला लागले. शेजारी टेंभुर्णीची मैत्रीण होती.

"मला बी तेच आवडते गं," ती म्हणाली. "पण गाडी गेली तर घरी काय सांगू? साथ शोधून राह्यले म्हणू?"

"रोज थोडाच आहे तास?"

"पळून जायला एक दिवस बी पुरतो, म्हणतेत आमचे काका."

मागच्या सीटवरून एकजण म्हणाली, "मंग काकालाच बसव वर्गात. घरी तरी शांतता राहील."

सगळ्या हसल्या आणि सगळ्यांनी पोषण घेतलं. पोषणाचा तास सकाळी असायचा.

मी विभागप्रमुखांकडे गेले. माणूस भला होता, चहा मागवला. तासाची वेळ बदलता येईल का, विचारलं तर म्हणाले, "वेळापत्रक वरून येतं, बाळा." वर म्हणजे आमच्याच इमारतीचा दुसरा मजला. तिथंही जाऊन आले. तिथं कळलं, की ते अजून वरून येतं.

वर्ग उघडला नाही. माझं नाव पोषणात गेलं, आणि मायनर पोषण म्हणून स्पेशलायझेशनही माता-बालपोषणाचं. स्नेहसंमेलनात प्राचार्यांनी जाहीर केलं, की ग्रामीण मुलींना पोषणाची उपजत ओढ असते, हे त्यांच्या मुक्त निवडीतून सिद्ध झालं आहे. टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या, गाडीला अजून वेळ होता.

आता मी मंठ्याकडे गरोदर बायांना पालेभाजी आणि गूळ-शेंगदाणे समजावते. काम वाईट नाही. गेल्या पावसाळ्यात गल्लीत पुन्हा डोळे पिवळे व्हायला लागले, म्हणून घरी गेले. आरोग्य खात्याचं पथक आलं होतं, नळाचं पाणी बाटलीत भरून घेत होतं. खालच्या गल्लीचा पाइप गटारीतून जातो, तेवढं तपासा, असं मी साहेबांना म्हणाले.

"तुमचं स्पेशलायझेशन?"

"पोषण."

"मंग मॅडम, तुम्ही जेवणाखाण्याचं बघा. हे टेक्निकल आहे."

जीप गेली. पाण्यात काय निघालं, ते गल्लीपर्यंत आलं नाही. समोरच्या घरच्या सासूनं मात्र कोणाची वाट पाहिली नाही. पोटुशी सून त्याच दिवशी माहेरी धाडली.

माय दारातून ते बघत होती. "तुझ्या वहिनीच्या टायमाला मला का न्हाई सुचलं?" ती म्हणाली.

मी तिला पाणी उकळून प्यायला सांगितलं.

"ते मला बी माहीत आहे. येते कुठून, ते सांग."

माझा संशय पाइपावर होता, पण खात्रीनं सांगायला लागणारी बाटली जीपमधून गेली होती.