आठ वाजता मुलींच्या बाजूचा दिवा

आमच्या घरात पेपरच्या आधी पत्रकं यायची. आई आणि बाबा दोघंही एका छोट्या संघटनेचं काम करतात. पाणी, घरभाडं, कंत्राटी कामगार, जो प्रश्न पुढे असेल त्याचं पत्रक स्वयंपाकघरात बसून लिहिलं जायचं आणि अक्षरओळख झाल्यापासून त्यांच्या घड्या घालायचं काम माझ्याकडे होतं. घरात पत्रकाचे दोन दंडक होते. खाली नाव पाहिजे, कारण निनावी कागद म्हणजे चुगली. आणि पहिली प्रत ज्याच्याविरुद्ध लिहिलंय त्याला स्वतः नेऊन द्यायची. ज्याच्याशी भांडायचं त्याला ते आधी कळलं पाहिजे, असं आई म्हणायची.

पदवी झाल्यावर मी स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पेठेतल्या एका अभ्यासिकेत जागा घेतली. महिन्याचे पैसे भरायचे की एक खुर्ची, एक टेबल आणि डोक्यावरचा दिवा तुमचा. भांड्यांच्या दुकानाच्या वर लांबट हॉल होता. मधे प्लायवूडची भिंत, अलीकडे मुली, पलीकडे मुलगे. फी सारखीच. मुलग्यांची बाजू अकरापर्यंत उघडी असायची, मुलींची आठला बंद. अभ्यासिका चालवणारे काका शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. आठ वाजले की ते आत येत आणि आमच्या बाजूची बटणं एकेक करून खाली करत. वाक्य अर्धवट वाचलेलं असलं तरी.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर लोणी काळभोरची एक मुलगी बसायची. तिच्या वडिलांनी तिला एक वर्ष दिलं होतं. त्यात झालं तर झालं, नाहीतर घरी यायचं आणि येतील ती स्थळं बघायची. ती कॉट बेसिसवर, म्हणजे चौघींच्या खोलीत एका खाटेचं भाडं भरून, राहत होती. खोलीतल्या बाकी तिघी खराडीला शिफ्टमध्ये नोकरी करणाऱ्या, त्यातली एक कायम झोपलेली, त्यामुळे खोलीत दिवा लावायची सोय नव्हती. आठला अभ्यासिका संपली की तिचा अभ्यास संपायचा. जिन्याच्या दिव्याखाली बसून पाहिलं, तर घरमालकीणबाईंनी विचारलं, की जिना अभ्यासासाठी बांधला होता का. आठ ते अकराचे तीन तास तिला मिळणार की नाही, एवढाच प्रश्न होता. तिच्यासाठी तो अख्ख्या वर्षाचा होता.

मी पत्रक लिहिलं. मथळा दिला, ‘एकच फी, एकच नियम’. आठला उठवलेल्या मुली वर्षभरात किती तास गमावतात, सुरक्षितता हवी तर रस्ते सुरक्षित करा, मुलींना कोंडू नका, असं सगळं त्यात होतं. खाली माझं नाव. आणि घरच्या शिस्तीप्रमाणे पहिली प्रत आदल्या संध्याकाळी काकांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, खिशातलं लाल पेन काढून एक स्वल्पविराम घातला आणि कागद घडी करून ठेवून घेतला. उद्या बोलू, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पत्रकं घेऊन पोचले तेव्हा दारावर सुबक अक्षरातली पाटी लागलेली होती. ‘एका जागरूक विद्यार्थिनीच्या मागणीनुसार आजपासून अभ्यासिका सर्वांसाठी सायंकाळी आठ वाजता बंद होईल. समतेचा विजय असो.’

विरोधकाला पत्रक एक रात्र आधी देण्यातला सगळा मोठेपणा त्या पाटीसमोर उभं राहून मला कळला.

मुलग्यांची बाजू पेटली. ती विद्यार्थिनी कोण, हे पत्रकाखालच्या नावावरून लगेच कळलं. तोवर त्यांच्यातल्या कुणी आम्हाला ओळखही दिली नव्हती, आता जिन्यात वाट अडवून विचारायला लागले, झाली का क्रांती, ताई? एकजण रोज माझ्यासमोर घड्याळ बघून म्हणायचा, चला, समता झाली, घरी जा. मुलीही माझ्याशी बोलेनाशा झाल्या. त्यांचं म्हणणं, आठ तर आपल्याला होतेच, आता वर शत्रुत्व. लोणीची मुलगी बोलत होती, पण कमी. एका दुपारी चहाच्या गाडीवर ती म्हणाली, “तुझी मागणीच चुकली. तू सारखी वेळ मागितलीस. अकरा मागायचं होतंस.”

इतकी वर्षं पत्रकं वाचून समान हा शब्द मला पुरेसा वाटत होता. किती, ते मी लिहिलंच नव्हतं.

आठवडाभरानं काकांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. भिंतीच्या टोकाशी उभे राहिले, म्हणजे दोन्ही बाजूंना दिसतील. आपण लोकशाही पद्धतीनं जाऊ, असं ते म्हणाले. मुलींना जुनी आठची वेळ मान्य असेल तर मुलग्यांचं पूर्ववत अकरापर्यंत चालू करता येईल, तेव्हा ज्या मुलींना चालतंय त्यांनी हात वर करावा. सगळे मुलगे भिंतीच्या टोकाशी गोळा होऊन आमच्याकडे बघत होते. एक हात वर गेला, मग दुसरा, मग भराभर. मी त्यांना नावं ठेवणार नाही. इतक्या नजरा रोखलेल्या असताना हात खाली ठेवणं सोपं नसतं. आम्ही दोघींनीच ठेवले.

“दोन,” काका म्हणाले. “बहुमत स्पष्ट आहे. आभारी आहे.”

लोणीची मुलगी उठली. मी तिला चारचौघांत बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

“काका, ज्यांनी हात वर केला त्यांनी आठला जावं. आम्ही केला नाही. आम्ही बसू.”

मुलग्यांत कुणीतरी हसलं. काका म्हणाले, आपण बसावं, अवश्य बसावं, दिव्याचं मात्र मला काही सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी आठला बाकीच्या मुली पिशव्या उचलून गेल्या. काका आले, बटणं खाली केली. आमच्या बाजूला काळोख झाला आणि भिंतीवरून पलीकडचा उजेड छतावर पडला. मला वाटलं, आता मी बोलायला पाहिजे, आणि मी वाक्यं जुळवत असतानाच ती पुस्तक घेऊन उठली, भिंतीला वळसा घालून मुलग्यांच्या बाजूला गेली आणि एका रिकाम्या खुर्चीवर बसली. मी मागोमाग गेले. मुलग्यांची पानं उलटायची थांबली.

“ही मुलग्यांची बाजू आहे,” काका म्हणाले.

“हो,” ती म्हणाली. “तिकडचा दिवा लावा. आम्ही जातो.”

तुमच्या आईवडिलांना मी काय उत्तर देऊ, असं काकांनी विचारलं, आणि त्यात टोमणा नव्हता. हे त्यांच्या बाजूनं मला लिहिलंच पाहिजे, ते खरोखर घाबरलेले होते. ती म्हणाली, वडिलांचा नंबर तुमच्याकडे आहे, आत्ता लावा, मी इथेच आहे. त्यांनी फोन लावला नाही. ते वळले, भिंतीपलीकडे गेले आणि बटणांचा आवाज आला.

अकराला आम्ही निघालो तेव्हा काका आमच्या मागून चालत येत होते. अंतर ठेवून, चपला न वाजवता. पुढच्या चौकात ती थांबली आणि वळून म्हणाली, “काका, मागून कुणी चालत आलं की आम्हाला भीती वाटते. यायचं तर बरोबर या.” ते मान हलवून माघारी गेले. पुन्हा आले नाहीत.

आठची पाटी कुणी काढली नाही. पण दिवा राहिला, आणि महिन्याभरात हात वर केलेल्यांपैकी तिघी आमच्या रांगेत बसू लागल्या.

तिची पूर्वपरीक्षा निघाली, मुख्य परीक्षा नाही. निकालाच्या दिवशी भिंतीपलीकडचे बहुतेक मुलगेही नापास होते. त्यांना अकरापर्यंत बसून काय मिळवलंत, असं कुणी विचारलं नाही. ती चार महिने गावी गेली. वडिलांशी काय बोलणं झालं ते तिनं मला सांगितलं नाही, तिच्या आवाजावरून ते लवकर संपलं नसावं. मग एका सकाळी ती गादीची वळकटी घेऊन अभ्यासिकेच्या जिन्यात उभी होती, स्वारगेटहून थेट.

काका दारातच होते. “एवढा हट्ट करून काय झालं?” त्यांनी विचारलं.

“नापास झाले,” ती म्हणाली. “खिडकीजवळची जागा रिकामी आहे का?”