बोट घसरेपर्यंत घास!

माझ्या सासऱ्यांची होडी नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी समुद्रात गेली आणि त्यात माझी काहीही चूक नव्हती. (दर्याला नारळ देण्याआधी होडी पाण्यात घालायची नसते, हे तारापूरच्या किनाऱ्यावर शेंबडं पोरही जाणतं. तरी नंतर मला ते प्रत्येकाने वेगवेगळं समजावलं.)

होडी फायबरची, जुनी. निळा रंग उन्हाने विटलेला, हात लावला की खडूसारखी पूड.

"दोन डबे ऑइलपेंट फासू, झाला," सासरे म्हणाले.

मी उसळलोच! मी बोईसरच्या कारखान्यात पत्रे तपासतो. पत्र्यावरून बोट फिरवायचं. सरकन घसरलं तर पास, अडखळलं तर नापास. माझ्यासमोर ऑइलपेंट?

"मामा, मूळची तकाकी आत जिवंत आहे. मी ती वर काढतो!"

"जावय, ही बोट हाय, आरसा नाय."

"बघाच तुम्ही!"

अकरा वर्षं त्या घरात मला पापलेटाचा मधला तुकडा मिळत होता, पण होडीला हात लावू देत नव्हते. घाटावरचा ना मी! आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

चार रविवार पॉलिश पेपर, पाणी, कंपाउंड, वॅक्स. "घरातला पंखा पुसलास का कधी?" असं बायकोने विचारलं, पण निळा रंग खरंच झळकायला लागला. आदल्या दिवशी फक्त बूड राहिलं होतं. होडी उतारावर, फळ्यांवर ठेवलेली, घसरू नये म्हणून पुढे दगड लावलेले. मी आत चढून कडा घासत होतो, बूड मेव्हण्याकडे, म्हणजे नितेशकडे.

"नितेश, बोट घसरेपर्यंत घास. थांबायचं नाही!"

"भाऊजी, पुढचे दगड काढू?"

"काढ की! विचारतोस काय?"

माझ्या डोक्यात हाताचं बोट, आणि दगड म्हणजे घासताना मध्ये येणारे. पण मच्छीमाराच्या घरात बोट म्हटल्यावर हाताकडे कोण बघतो? नितेशला वाटलं, उद्या होडी लोटायची सोय चाललीय. त्याने बूड घासलं, उरलेलं वॅक्स मन लावून फळ्यांनाही चोपडलं आणि दगड काढले.

आधी मला चक्कर आल्यासारखं वाटलं. मग बायको मागे जायला लागली. मग सासरे. मग सगळा गाव! समोर ऐन भरती.

"जावय! नारळ नाय दिला अजून!"

"मामा, ब्रेक कुठं आहे?"

"भाऊजी, घसरली! बोट घसरली!" नितेश आनंदाने नाचत होता.

"बोट म्हणजे हे!" मी बोट वर करून ओरडलो. अख्ख्या किनाऱ्याने वर आभाळात पाहिलं.

चौघांनी पोहत येऊन मला होडीसकट ओढत आणलं. सासरे वाळूत बसले होते. "आमच्या घरात असा कदी झाला नाय," एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी गावातली जाणती माणसं जमली. निकाल लागला: होडी गेली नाही, जावयाने नेली, तेव्हा दर्याची माफी त्यानेच मागायची.

दुसऱ्या दिवशी वाजतगाजत सगळे किनाऱ्यावर आले आणि थांबले. गुडघाभर पाण्यात मी एकटा! नारळ सोडला, कान धरले, "दर्याराजा, चुकलं" म्हणालो. मगच बाकीच्यांचे नारळ पाण्यात गेले.

लोक त्याला दंड म्हणतात. खुशाल म्हणोत! अख्खा गाव नटूनथटून, बेंजो लावून ज्याला माफी मागायला घेऊन गेला, असा दुसरा जावई या किनाऱ्यावर दाखवा.