बुटांच्या कपाटातलं वायफाय

मासान शहरातली आमची इमारत ज्या शहाण्यानं बांधली, त्याला मला एकदा कोपरापासून नमस्कार करायचाय. इंटरनेटची पेटी बसवली कुठं, तर दाराजवळच्या बुटांच्या कपाटात! कपाटही पत्र्याचं, आणि राउटर त्यातच कोंबलेला. कपाट लावलं की आतल्या खोलीत वायफाय पोचत नाही. उघडं ठेवलं की घराचं दार त्यावर आपटतं आणि उघडतच नाही.

समोरच्या होंगजूचा त्यात पार कोंडमारा झाला होता. इथं यायच्या आधीच तिचा नवरा कुणाला न सांगता निघून गेला. मागे राहिली त्याची आई, कमरेपासून लुळी. सासूबाई आतल्या खोलीत पडून दिवसभर टीव्हीवर गाण्यांच्या स्पर्धा बघायच्या. तिथं केबल पोचत नाही, म्हणून बिनतारी सेटटॉप बॉक्स. होंगजू बाहेर निघाली की कपाट लावावंच लागायचं, आणि लावलं की गायिका तोंड वासून थिजायची. लगेच आतून हाक:

"कुठं निघालीस गं?"

"कचरा टाकून येते, आई."

"सकाळीच टाकलास की!"

की ही परत आत. मला अस्सा राग यायचा! मी दर गुरुवारी चौकातल्या सार्वजनिक न्हाणीघरात जाते, गरम पाण्यात डुंबायला. तिथं एकमेकींची पाठ घासायला जोडीदारीण लागतेच.

"चल की गं, तासाभरात येऊ."

"ताई, टीव्ही थांबतो ना."

म्हैस चुकू नये म्हणून गळ्यात घंटा बांधतात ना, तसंच त्या डब्यानं हिचं केलं होतं. शेवटी मीच कंपनीच्या माणसाला बोलावलं. त्यानं राउटर बाहेर काढून बैठकीच्या भिंतीवर टांगला. कपाट लावून बघितलं, गायिका गातच राहिली. होंगजूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सुटलीस बाई!" मी म्हटलं.

गुरुवारी ती साबणाची टोपली घेऊन तयार. मी दारातच उभी होते. तिनं बूट घातले, कपाट लावलं. आत गाणं चालू. तिनं दाराला हात घातला आणि गाणं बंद पडलं.

"मेलं ते वायफाय!" म्हणत मी बूट काढून आत धावले. वायफायला काही झालं नव्हतं. सासूबाईंच्या हातात रिमोट होता.

"गाण्यात दाराचा आवाज ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "जुन्या घरात असंच मोठ्यानं लावलं होतं. पोरगा गेला, मला कळलंसुद्धा नाही."

म्हातारीला चार शब्द सुनवायचे म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात चाहूल लागली. माझ्यामागे होंगजू येऊन उभी होती. पायात बूट नव्हते.

"नाही जात, आई. लावा गाणं."

सासूबाईंनी रिमोट उशीखाली सरकवला आणि दाराकडे कान देऊन पडून राहिल्या.