दवाचं वजन

माझी अर्ध्या आण्याची मजुरी मी स्वतःच्या तोंडानं कापून घेतली. कोणी फसवलं नाही, कोणी मागितलं नाही. मीच कमरेला पदर खोचून मुकादमापुढे उभी राहिले होते.

ती कापसाच्या तेजीची वर्षं. अमरावतीच्या आसपास वेचणीला बाया मिळत नव्हत्या, म्हणून दिवसाचे चार आणे मिळायचे. घरी लेकरं सांभाळायला एक बाई हवीच. तेव्हा थोरल्या जाऊबाईंनी आणि मी एकच जागा वाटून घेतली. सकाळी त्या, दुपारून मी, असं मुकादमानं ठरवून दिलं. दोघींना दोन-दोन आणे.

जाऊबाई गोऱ्या, उंच. पायात अकोल्याहून आणलेले चांदीचे तोडे. मलाही तसेच हवे होते, त्यासाठी मी पैसा पैसा गाठीला बांधत होते. आणि त्या? गार वाऱ्यात दोन आणे मिळवून घरी यायच्या, वर सासूबाई म्हणायच्या, "थोरली थकली वं." मी उन्हात भाजून यायची, तर माझ्याकडे बघायचंसुद्धा नाही कोणी!

एक दिवस मुकादमाला म्हटलं, "भाऊ, वेळ काहून मोजता? कापूस मोजा. जिचा जितका, तिले तितकं."

तो हसला. "पाहा बरं बाई. मंग रडू नका."

"मी काहून रडू?"

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंचं गाठोडं दुपारी तोललं, माझं दिवस मावळताना. त्यांचं वीस शेर, माझं बारा. दोन शेरांना एक पैसा, चार पैशांचा आणा; त्यांना अडीच आणे, मला दीड.

"तराजू खोटा हाय!" मी ओरडले.

"तराजू नाई खोटा," मुकादम म्हणाला. "सकाळचा कापूस दवानं भिजलेला रायते. शेतकऱ्याची लेक ना तुमी?"

होते ना! जन्म काळ्या मातीत गेला आणि ओला कापूस जड भरतो एवढं सुचलं नाही. जाऊबाईंचे हातही माझ्याहून भराभर चालायचे, पण हे कबूल करायला मला चाळीस वर्षं लागली.

घरी आले ती फणफणत. जाऊबाई माझ्या पोराला मांडीवर घेऊन थोपटत होत्या. मी म्हटलं, "उद्यापासून सकाळ मले द्या. रोज दव तुमीच खाता."

त्यांनी मान वर केली नाही. पोराच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत म्हणाल्या, "घे सकाळ. पन तुहं पोरगं उन्हं वर येईपरेंत तुले सोडत नोतं, मनून मीनंच मुकादमाले तुह्यासाठी दुपार मागतली होती. आता त्याले बी तराजूत बसव."