पाच किलोच्या वर काही नाही

हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करता करता डॉक्टरांचा हात एकदम थांबला. बुऱ्हाणपुरातल्या त्या छोट्या दवाखान्यात मी डाव्या कुशीवर पडलो होतो, छातीला थंडगार जेली फासलेली. त्यांनी एकच जागा तीनदा मोजली. मग स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाले, "अ‍ॅसेंडिंग एऑर्टिक अ‍ॅन्युरिझम आहे. हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, फुगली आहे. फुटली तर दवाखान्यापर्यंत पोचायलाही वेळ मिळणार नाही. आजपासून पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही."

मी विचारलं, "आणि ओढायचं?" तीनच दिवसांपूर्वी मी केळ्यांनी भरलेला ट्रक कमरेला पट्टा बांधून ओढला होता.

डॉक्टरांनी जेली पुसायला कागद दिला. म्हणाले, "संडासला बसल्यावरसुद्धा जोर लावायचा नाही."

मी दिलीप. ताकदीच्या स्पर्धा हा माझा धंदा. ट्रक ओढायचे, गोल दगड छातीशी धरून ओट्यावर ठेवायचे, दोन्ही हातांत दीड-दीडशे किलो घेऊन चालायचं. लोक याला स्ट्राँगमॅन म्हणतात. चौदा वर्षं मी यावरच जगलो. वडील नेपानगरच्या कागद कारखान्यात होते आणि त्यांची इच्छा मी तिथंच चिकटावं अशी होती. मी बुऱ्हाणपुरातल्या लालबागमध्ये जिम काढली. वजन उचलण्यापलीकडे मला काही येत नाही, हे मी कधी लपवलं नाही.

दुसरीही एक गोष्ट मी लपवली नाही. सहा वर्षांपूर्वी एका स्पर्धेत जिंकलो, तेव्हा माइकवाल्यानं भर स्टेजवर विचारलं, "पहलवान, शादी कब?" मी खाली टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या मनोहरकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "हो गई समझो. वो खड़ा है." लोक हसले. गंमत वाटली त्यांना. म्हणून मी पुन्हा सांगितलं, नीट, एकेक शब्द सुटा करून. दुसऱ्या दिवशी ते पेपरात आलं.

मनोहरचं लोधीपुऱ्यात गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान आहे. माणूस काडीसारखा. माझा ट्रक ओढायचा पट्टा त्यानंच शिवलेला. आम्ही अकरा वर्षं एकत्र राहतोय.

पेपरात आल्यावर जिममधली निम्मी पोरं गेली, दोन आयोजकांनी फोन उचलणं बंद केलं. पण माझ्या तोंडावर कुणी ब्र काढला नाही. एकशे चाळीस किलोच्या माणसाला कोण बोलणार? मनोहरला काही बोलायचं तर आधी माझे दंड आठवतील, असं मी धरून चाललो होतो. म्हणून इकोच्या टेबलावर मरणाची भीती वाटली ती नंतर. आधी मनात आलं, आता माझी ताकद गेली तर या गावात मनोहरचं कसं होणार.

लक्षणं नव्हती असं नाही. पाठीत, दोन खवाट्यांच्या मधे वर्षभर दुखत होतं. मी तेल लावत होतो. डोकं ठणकायचं, मी पाणी पीत होतो. जिममध्ये तीन लाखांची मशिनं घेतली, पण बीपी मोजायचं साधं मशिन घेतलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतली होती?" मी म्हणालो, दोन वर्षं. त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. माझ्यासारखं काम करणारा कोणी हे वाचत असेल तर त्याला हात जोडून सांगतो: बीपी मोजत जा, घरात कुणाला हा त्रास असेल तर एक इको करून घे, आणि डॉक्टरशी खोटं बोलू नको.

पुढचे पंधरा दिवस नुसतं बसण्यात गेले. इंदूरला सीटी अँजिओग्राफी झाली. म्हणजे हातातून औषध सोडून रक्तवाहिन्यांचे फोटो काढतात, अंगातून गरम लाट जाते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. होत नाही, घाबरू नका. त्या रिपोर्टसाठी एक दिवस. सर्जनची वेळ मिळायला चार दिवस. दातांतला संसर्ग हृदयात जाऊ नये म्हणून दातांची तपासणी, त्यासाठी पुन्हा रांग. लोखंडी खुर्च्या माझ्या मापाच्या नसायच्या, मी भिंतीला टेकून उभा राहायचो. मनोहर खुर्चीवर बसून माझी फाइल सांभाळायचा. येणारे-जाणारे त्यालाच पेशंट समजायचे. एका बाईनं तर त्याला स्वतःचं सफरचंद दिलं.

सर्जन तरुण होते. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. छाती मधोमध उघडणार, फुगलेला भाग कापणार, त्या जागी ग्राफ्ट म्हणजे कापडाची नळी शिवणार. मनोहर पुढं सरकून म्हणाला, "डॉक्टरसाब, टाँका कौन सा?"

सर्जननी पेननं दाखवलं. एकच धागा, गोल फिरत जाणारा.

"और डोरा ढीला पड़ गया तो?"

"इसीलिए मेरा असिस्टेंट पूरे टाइम धागा खींचके पकड़ता है."

मनोहरनं मान डोलावली. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "मानसाले काम येतं." माझ्या ऑपरेशनचा निर्णय खरं तर तिथंच झाला.

भरतीच्या दिवशी आई नेपानगरहून इंदूरला आली. आईबद्दल थोडं सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी मी मनोहरला पहिल्यांदा घरी नेलं आणि म्हणालो, "आई, हा माझा जोडीदार." मला वाटलं, सांगून टाकलं एकदाचं. पण आईचे वडील आखाड्यातले. तिच्या लेखी जोडीदार म्हणजे ज्याच्याबरोबर रोज कसरत करतात तो. तिनं मनोहरकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, तिला त्याची दया आली, आणि ती त्याला दोन वेळा लोटाभर दूध आणि सहा-सहा केळी चारू लागली. पाच वर्षं तो जाईल तेव्हा मुकाट्यानं प्यायचा. मीही भेकड. पेपरात येईपर्यंत तिची चूक दुरुस्त केली नाही. पेपरात आलं त्या दिवसापासून ती मनोहरशी बोलेनाशी झाली. दूध मात्र ठेवायची, न बोलता, त्याच्यासमोर.

भरतीच्या खिडकीवरच्या बाईंनी ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म पुढं सरकवला. माझी सही झाली होती. नातेवाइकाची हवी होती. ज्याची सही, त्यालाच आयसीयूचा पास. "मरीज़ से रिश्ता?" त्यांनी मनोहरला विचारलं. इतका बोलका माणूस, पण ऐन वेळी त्याला हिंदी शब्द सापडेना. तो म्हणाला, "जोडीदार."

बाईंनी व्हीलचेअरवर बसलेल्या माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्यांना हसू आवरेना. "तुम? तुम इनके साथ कसरत करते हो? घर का कोई नहीं आया?"

मी बोलायला तोंड उघडलं, पण अंगात त्राण नव्हतं. सहा वर्षं जिथं तिथं तेच समजावून सांगितलेलं. खरंच कंटाळा आला होता. वाटलं, जाऊ दे, आईची सही घ्या आणि मोकळं करा.

आई पिशवी सावरत पुढं आली. "बाई, कसरतीचा नाही तो," ती म्हणाली. "मले बी पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. घरचा हाये. याच्या गोळ्या, याचं जेवन, सगळं त्यालेच माहीत. मले काय इचारता?"

बाईंना मराठी कळत असावी. त्या एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, "अम्मा, पर साइन तो आपको ही करना पड़ेगा. एक ही लाइन है."

आईनं अक्षर-अक्षर जुळवत सही केली. मग कागद उलटा फिरवून बाईंकडे सरकवला. "आता खाली दुसरी लाइन ओढा."

बाईंनी आत जाऊन कुणाला तरी विचारलं. बराच वेळ लागला. परत आल्या आणि पट्टीनं दुसरी ओळ आखून दिली. मनोहरनं इतक्या घाईनं पेन टेकवलं की सही ओळीवर बसेना. आई त्याला म्हणाली, "सावकाश कर." सहा वर्षांत ती त्याच्याशी बोललेले हे पहिले शब्द. पास तिनं त्याच्या खिशात घातला आणि स्वतः खालच्या वेटिंग हॉलमध्ये पाच दिवस बसून राहिली.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, मी झोपलो होतो. जाग आली तेव्हा घशात नळी होती. नंतर कळलं की ती व्हेंटिलेटरची, श्वास देणाऱ्या यंत्राची, असते, आणि ती असताना बोलता येत नाही हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी इतका घाबरलो नसतो. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. तिसऱ्या दिवशी चार पावलं चाललो आणि घामानं भिजलो. छातीचं हाड तारेनं बांधलेलं असतं, जुळायला तीन महिने लागतात. तोवर अंथरुणातून उठताना हातावर भार द्यायचा नाही. मनोहर मला कुशीवर वळवून उठवायचा. काडीसारखा माणूस कसा उठवायचा, देव जाणे.

दीड महिन्यानं तपासणीला गेलो तेव्हा सर्जन म्हणाले, "ज़िंदगी नॉर्मल रहेगी. बस वो ट्रक-व्रक भूल जाओ." मी हो म्हणालो. त्या रात्री मी रडलो. वीस किलो उतरलं होतं, दंडांची कातडी लोंबत होती.

ऑपरेशनला दोन महिने झाल्यावर मनोहर मला दुकानात नेऊ लागला, घरी एकटं सोडवेना म्हणून. मी मागं रेक्झिनच्या गुंडाळ्यांआड खुर्चीवर बसायचो. एका दुपारी एक टेम्पोवाला आला. त्याला मी दिसलो नाही.

"काय वहिनी," तो मनोहरला म्हणाला, "पहिलवान तर गेला म्हनते कामातून. आता कोनाच्या जिवावर राहसान?"

मी सवयीनं उठायला गेलो. छातीत कळ आली, पुन्हा बसलो. मनोहरचा मशीनवरचा पाय थांबलासुद्धा नाही. "सीटचं माप आन," तो म्हणाला. "मागच्या बारीले अंदाजानं सांगितलं, अन् कव्हर आखूड पडलं. तुझ्या तोंडाचं माप हाये मजपाशी, ते नको."

टेम्पोवाला हसला, माप आणायला गेला.

मी विचारलं, "हे कवापासून?"

"पेपरात आलं तवापासून."

"माझ्यासमोर तर कोनी…"

"तुझ्यासमोर कोन बोलीन? तू दिवसभर जिममधी. मी दिवसभर इथं."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तू मारलं असतं. तुले दोन दिवस बरं वाटलं असतं, अन् मले दुकान बंद करा लागलं असतं." त्यानं दातानं दोरा तोडला.

सहा वर्षं मी समजत होतो, तो माझ्या दंडांमागे सुखरूप आहे. तो रोज एकटा हे ऐकत होता आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्याच खांद्यांना तेल चोळत होता. मला लाज वाटली. त्याचे आभार कोणत्या तोंडानं मानायचे ते कळेना. आणि खरं सांगतो, इकोच्या टेबलावर मनोहरचं कसं होणार ही जी भीती छातीवर येऊन बसली होती, ती त्या दुपारी उतरली.

मी म्हणालो, "उद्यापासून मी पुढं बसतो, गल्ल्यापाशी."

"बस," मनोहर म्हणाला. "पन गप बससीन तरच."