वीज पाडायचं काम

आमच्या ऑफिसात किस्से साठतात ते वळवाच्या दिवसांत. आभाळ गडगडलं की लाइन बंद पडते, लाइन बंद पडली की सगळे एका टेबलाभोवती जमतात, आणि मग चहा संपेपर्यंत कुणी गप्प बसत नाही.

माझं काम ऐकायला विचित्र आहे. हाय टेन्शन लाइनवर वीज पडली तर काय होईल, ते मी कंप्युटरवर मांडून बघते. त्यात टॉवर, तारा, तारा टॉवरपासून अलग ठेवणाऱ्या चिनीमातीच्या थाळ्या आणि खालची जमीन, एवढंच असतं. बटण दाबलं की वीज पडते. टॉवरवर चढणाऱ्या गँगचा मुकादम गजा सकाळी दारातून डोकावतो आणि विचारतो, "मॅडम, आज वीज खंय पाडलीस?"

*

ही ख्याती किनाऱ्यावरच्या देवबागपर्यंत पोचली. गजाच्या ओळखीच्या एका होमस्टेवाल्याचा मला फोन आला. फार अदबीने बोलला. रविवारी पाहुणे भरलेत, तेवढा दिवस जमलं तर दुसरीकडे पाडा, म्हणाला!

*

जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, वीज जमिनीत नीट मुरत नाही, उलटी तारांवर उडी मारते. म्हणून तिथल्या एका टॉवरखाली लोखंडी पट्ट्या पुरायचं माझ्या मॉडेलवरून ठरलं. टॉवर आंब्याच्या बागेत. या पट्ट्या वीज ओढून आपल्या कलमांवर घालणार, म्हणून बागवाला अडून बसला. मी समजावून थकले. शेवटी गजा आधीच पुरून झालेल्या एका पट्टीवर मांडी घालून बसला आणि डबा उघडला.

बागवाल्याने वर बघितलं. "आज आभाळ साफ आसा. गडगडताना बस."

एरवी हसणारा गजा हसला नाही. डबा मात्र पूर्ण संपवला.

*

गजाचा थोरला भाऊ याच गँगमध्ये होता. एक नट आवळायचा राहिला म्हणून तो वर थांबला, आणि वीज पडली. तेव्हापासून लांब कुठे गुरगुरलं तरी गजा सगळ्यांना खाली उतरवतो. एकदा वरच्या साहेबांनी, सप्लाय कधी देणार, म्हणून त्याला फोनवर झापलं. "साहेब, तुम्हीच विचारा," म्हणत गजाने फोन आभाळाकडे धरला. मला त्याचा फार अभिमान वाटला. साहेबांचा पुन्हा फोन आला नाही.

*

यंदा मे महिन्यात गजा आईला घेऊन आला. एक मुलगा गेला, आता दुसऱ्याने टॉवर सोडून स्टोअरमध्ये बसावं, असा तिचा हट्ट. गजाला ते नको होतं. वीज जमिनीत कशी जाते ते तिला एकदा दाखवा, मग ती ऐकेल, म्हणाला.

मी तिला खुर्ची दिली. सड्यावरचा टॉवर उघडला आणि वीज पाडली. स्क्रीनवर रेघ उसळली, खाली बसली. वरच्या तारेने वीज धरली, टॉवरमधून ती पट्ट्यांत गेली, जमिनीत मुरली आणि लाइन चालूच राहिली, असं मी सांगितलं.

"परत पाड गो बाय."

पाडली. रेघ बसेपर्यंत ती बघत राहिली. गजा माझ्याकडे बघून हसला. त्याला वाटलं, जमलं. मलाही तसंच वाटलं.

तिने पदर सावरला, खुर्ची पुढे ओढली.

"बरा. आता माझ्या गजाक वर चढव, आणि पाड."

माझा हात माउसवरून निघाला. मग गजाने विचारलं, "मॅडम, स्टोअरात कधीपासून बसूक व्हया?"