पायाळूची पाठ

मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, म्हणून माझ्या पायात गुण आहे असे सारे मानत. कोणाच्या कंबरेत उसण भरली की त्याने पालथे पडायचे आणि मी पाठीला पाय लावायचा. माहेरी, बार्शीटाकळीला, क्वचित कोणी येई. सासरी नांदगावाकडे, कापसाला सोन्याचा भाव आला त्या सालांत, ओट्यावर रोज कोणीतरी कण्हत बसलेले असे. समुद्रापलीकडे कुठे लढाई चालली म्हणून आपला कापूस महागला, असे म्हणत. बायका वेचून वाकत, गडी अमरावतीच्या गाड्या भरून वाकत. परक्या माणसाच्या पाठीला पाय लावताना मला मेल्याहून मेल्यासारखे होई. अंगठा टेकवायचा आणि आत पळायचे.

त्या हिवाळ्यात माझीच पाठ गेली. दुसरे बाळंतपण झाले आणि लगेच वेचणीला लागले. उजवीकडे कलून चालायची. डोक्यावरची घागर हिंदकळायची. पायाळूचा गुण स्वतःला लागत नाही. शेजारची सून अशीच कंबरेतून गेली तेव्हा तिला माहेरी पोचवले, पोरे ठेवून घेतली आणि पुन्हा तिला आणायला कोणी गेले नाही. माझेही तसेच होईल या धास्तीने मी दुखणे लपवत होते.

एका दुपारी कापसाचे गाठोडे उचलताना सासूबाईंच्याच कंबरेत चमक भरली. त्या घोंगडीवर पालथ्या पडल्या.

"लाव पाय."

"आत्याबाई, तुमाले पाय कसा लावू? पाप लागन."

"पापाचं मी देवासंग पाहून घेईन. इथं जीव चालला, अन् हे विचार करून राहिली!"

मी आधी त्यांच्या पाया पडले. मग एका पायावर उभी राहून दुसरा त्यांच्या कंबरेवर टेकवला. तोल राहीना. पाय थरथरू लागला.

"कावून कापते वं तुहा पाय?"

"भेव वाटते."

"भेवानं असा नाही कापत. बस खाली."

बसले आणि रडूच फुटले. सगळे सांगितले. "मले माहेरी नका धाडू," एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

"तुले धाडून पोरं काय मी पाजू? हो पालथी."

स्वतःची कंबर धरत त्या उठल्या. जवसाचे तेल कोमट करून आणले. त्यांची जीभ तिखट, पण हात इतका हलका असेल असे वाटले नव्हते. त्या चोळत नव्हत्या. दुखऱ्या बाजूवर तळवा ठेवून नुसत्या थांबत. आतले मांस सैल पडले की हात जरा पुढे सरके. "दाबलं तं अंग आखडते," त्या म्हणाल्या. "त्याले लेकरावानी निजवा लागते."

वेचणी संपेपर्यंत हे रोज चालले. हळूहळू दोन्ही पायांवर सारखा भार पडू लागला. पुरती सरळ मात्र मी कधी झाले नाही.

पहिल्याच दिवशी, मी तशीच पडलेली असताना, दारात एक गाडीवान कण्हत आला. "मावशी, वहिनीले जरा पाय लावू द्या ना!"

"पायाळू निजली हाये. तूबी जाऊन नीज."

"अन् पाणी कोण भरन आज?" माझ्या नवऱ्याने ओसरीवरून विचारले.

"कावड हाये, तू हायेस. तुही पाठ काय देव्हाऱ्यात ठेवाची हाये?"

त्याने कावड खांद्यावर घेतली. अंगणातून कावडीची करकर दूर जाताना ऐकली आणि मी डोळे मिटले.